तक्ता झकास वाचतो, पण समोरून उजेड आला की?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगा १८ वर्षांचा, यंदा बारावी सायन्स झाला. पायलट व्हायचं म्हणतो. दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबर आहे, चष्मा लावून तक्त्याची शेवटची ओळ वाचतो. पण रात्री कणकवलीहून येताना समोरच्या गाडीचे दिवे अंगावर आले की ‘आई, क्षणभर काहीच दिसत नाही’ म्हणतो. त्याच्या मित्राने सांगितलं की पायलटची उजेडाची एक वेगळी परीक्षा असते आणि तिच्यात मुलं उडतात. नंबर लेझरने घालवला तर ती परीक्षा सोपी जाईल का? आमचे यजमान म्हणतात, आंब्याचे पैसे हातात आहेत, आत्ताच करून टाकू.
— एक आई, देवगड

उत्तर : यजमानांना सांगा, आंब्याचे पैसे तूर्त बँकेतच बरे.

तुमचा समज नेमका उलटा झालाय. लेझरने उजेडाची परीक्षा सोपी होत नाही. उलट लेझर झालेलं असलं की ही परीक्षा हमखास मागितली जाते. युरोपच्या विमानसुरक्षा यंत्रणेच्या वैद्यकीय नियमांत, नंबर घालवण्याचं ऑपरेशन झालेल्या अर्जदाराबद्दल दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. त्याची ग्लेअर, म्हणजे डोळ्यावर येणारी झगझगीत चमक, सहन करण्याची क्षमता सामान्य मर्यादेत हवी आणि मंद उजेडात फिकट वस्तू ओळखण्याची ताकद कमी झालेली नको. यामागचं कारण डोळ्याच्या बाहुलीत आहे. लेझरने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाचा, साधारण सहा-साडेसहा मिलिमीटरचा मधला भाग घासून नंबर काढतात. अंधारात विशीतल्या मुलाची बाहुली सात मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठी होऊ शकते. मग घासलेल्या भागाच्या कडेवरून येणारा उजेड आत भलतीकडेच वळतो. दिव्याभोवती कडी दिसतात, दिव्यांना किरणांचे काटे फुटतात. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो, काहींचा थोडा राहतो. दुकानात बसणाऱ्याला तो राहिला तरी चालतो. रात्री धावपट्टीचे दिवे शोधणाऱ्याला चालत नाही.

आणि मुळात लेझर हवंय कशाला? नागरी विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे क्लास १ मेडिकलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या वैद्यकीय तपासणीला, प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसायला हवं, आणि तेही चष्म्यासह चालतं. (६/९ म्हणजे निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून दिसणारं अक्षर सहा मीटरवरून दिसणं. खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी.) उडताना चष्मा लावायचा आणि एक जादा चष्मा हाताशी ठेवायचा, एवढीच अट. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणार असेल तर ती साधी, एकाच नंबरची आणि बिनरंगी हवी. म्हणजे उणे अडीच नंबरवर प्रवासी विमान उडवता येतं. हवाई दलात जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथले निकष फार कडक आहेत. पण तुम्ही तसं लिहिलेलं नाही.

आता उजेडाच्या परीक्षेबद्दल. ही मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण आमच्या कुडाळच्या दवाखान्यातही दर आठवड्याला कुणीतरी हेच म्हणतं, ‘डॉक्टरीणबाई, लाइट इली की फुडला कायेक दिसना नाय.’ तक्ता लावला की तीच माणसं फडाफडा वाचतात. मग नातेवाईक त्यांच्याकडे संशयाने बघायला लागतात.

तक्ता १८६२ सालचा आहे. नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलेन यांनी तो बसवला आणि आजही तो उत्तम चालतो, पण एकाच कामासाठी. पांढऱ्या पाटीवर कुळकुळीत काळं अक्षर, खोलीत मंद उजेड, समोर दुसरा दिवा नाही. त्यातून एवढंच कळतं की ठळक गोष्ट किती बारीक झाली तरी दिसते. आकाशात ठळक असं क्वचितच काही मिळतं. एप्रिलच्या दमट दुपारी किनाऱ्यावर जी धूसर हवा साचते, तिच्यात समोरून येणारं करडं विमान आणि मागचं करडं आकाश यांच्यात जेमतेम फरक असतो. त्यावर उजेडाचा आणखी एक पातळ थर चढला तर तो फरकही बुडतो. काळं अक्षर त्याच थराखाली आरामात वाचता येतं.

हा थर डोळ्याच्या आतच तयार होतो. आत शिरलेला सगळा प्रकाश डोळ्यामागच्या पडद्यावर जिथे जायला हवा तिथे पोचत नाही. थोडा कॉर्नियात विखुरतो, थोडा भिंगात, थोडा पडद्यावर आपटून परत फिरतो. संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी हाकताना खाऱ्या वाऱ्याने बरबटलेल्या पुढच्या काचेचं जे होतं, तेच इथे होतं. सावलीत काच स्वच्छ वाटते, सूर्य समोर आला की रस्ता गायब. आपली तपकिरी-काळी बुबुळं इथे कामी येतात. निळ्या-घाऱ्या डोळ्यांतून बुबुळ भेदूनही थोडा उजेड आत झिरपतो, आपल्या डोळ्यांत तो भाग कमी असतो. वय मात्र कुणाला सोडत नाही. विशीच्या मानाने सत्तरीत हा विखुरलेला उजेड साधारण दुप्पट होतो, मोतीबिंदू नसला तरी.

उजेड नजरेच्या रेषेपासून किती लांब आहे, यावर सगळं अवलंबून असतं. १९२०च्या दशकात हॉलाडे आणि स्टाइल्स या दोघांनी ते मोजलं. त्यांच्या सूत्राप्रमाणे हा थर कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. दिवा दहा अंशांवरून पाच अंशांवर आला की थर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

हे आपल्या चिपीला लावून बघा. परुळ्याच्या सड्यावरची ही धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. २०२१च्या ऑक्टोबरात विमानतळ सुरू झाला तेव्हापासून मला तिथल्या संध्याकाळच्या उतरण्याचं कुतूहल आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. मार्चमध्ये दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, म्हणजे उतरताना विमानाचं नाक पश्चिमेला. आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर पश्चिमेलाच मावळतो. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे पायलटची नजर क्षितिजाच्या तीन अंश खाली. सूर्य क्षितिजाच्या सात अंश वर असला तर दोघांतला कोन दहा अंश. आणखी वीसएक मिनिटांनी सूर्य दोन अंशांवर आला की कोन पाच. म्हणजे त्या वीस मिनिटांत थर चौपट व्हायचा. सूर्य खाली जाता जाता मवाळही होतो, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ निघत नाही. पण पुढे समुद्रही असतो आणि त्यावर सूर्याचा लखलखता पट्टा पडलेला असतो, तो या सूत्रात धरलेलाच नाही. पायलट हे निभावतात ते यंत्रांच्या मदतीने, सनव्हायझर ओढून, आणि गरज पडली तर घिरटी घेऊन. तरी शेवटी धावपट्टी डोळ्यांनीच बघावी लागते.

ही परीक्षा घेण्याचे तीन-चार प्रकार आहेत. सगळ्यांत साधा म्हणजे पेली-रॉबसन तक्ता, १९८८ सालचा. अक्षरं सगळी एकाच मापाची आणि मोठी, पण तीन-तीनच्या गटाने फिकट होत जाणारी. एका मीटरवरून वाचायचा. शेवटची अक्षरं आहेत की आपल्याला भास होतोय, हे कळेनासं होतं, आणि परीक्षेचा मुद्दाच तो असतो. मग बाजूने दिवा लावून तोच तक्ता पुन्हा वाचायला लावायचा. दिव्याशिवाय आणि दिव्यासह, या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर.

दुसरा प्रकार माझ्याकडे आहे. हातात धरायचा एक अर्धगोल वाडगा, आतून पांढरा आणि प्रकाशित, मध्ये भोक. भोकातून नेहमीचा तक्ता वाचायचा. उजेडाचे तीन टप्पे असतात, सर्वांत वरचा टळटळीत उन्हाइतका. अंधाऱ्या खोलीत ६/९ वाचणारा माणूस वरच्या टप्प्यावर ६/३६वर घसरताना मी नेहमी बघते. पण या वाडग्यात एक खोट आहे. उजेडाने बाहुली बारीक होते आणि बारीक बाहुलीतून काही जणांना उलट चांगलं दिसतं. रात्रीच्या हेडलाइटची तक्रार त्यामुळे यात निसटू शकते. तुमच्या मुलाची तक्रार रात्रीचीच आहे, म्हणून त्याला मंद उजेडातली चाचणी हवी. त्यासाठी मेसोटेस्ट नावाचं यंत्र आहे. अर्धवट अंधारात खुणा ओळखायच्या, आधी दिव्याशिवाय, मग बाजूच्या दिव्यासह.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो, कारण त्यात फसवायला फारशी जागा नाही. सी-क्वांट नावाचं यंत्र असतं. नळीला डोळा लावायचा. आत एक कडं लुकलुकत असतं आणि मधोमध दोन अर्ध्यांत विभागलेला गोल असतो. कड्याचा विखुरलेला उजेड गोलावर पडतो, म्हणून गोलही लुकलुकल्यासारखा वाटतो. यंत्र एका अर्ध्यात उलटी लुकलुक मिसळतं. कुठला अर्धा जास्त लुकलुकतोय, एवढंच बटण दाबून सांगायचं, पुन्हा पुन्हा. अंदाजपंचे बटणं दाबली तर उत्तरं आपसांत जुळत नाहीत आणि यंत्र तसं दाखवतं. तरुण निरोगी डोळ्याचा आकडा साधारण ०.९ येतो. हे मोजमाप लॉगचं असल्यामुळे ०.३ने वाढला, म्हणजे १.२ झाला, की विखुरलेला उजेड दुप्पट समजायचा.

नेहमीच्या पायलट मेडिकलमध्ये हे सगळं सरसकट होत नाही. दूरचं, जवळचं, रंग, दृष्टिक्षेत्र, दोन्ही डोळ्यांचा मेळ, हे ठरलेलं. उजेडाची चाचणी येते ती ऑपरेशन झालेलं असलं, कॉर्नियावर डाग किंवा भिंगात धूसरपणा दिसला, किंवा उमेदवाराने स्वतः तक्रार केली तर. मुलाने तक्रार लपवावी असं मी अजिबात सुचवत नाही. पण आधी तिचं मूळ शोधा. १८ वर्षांच्या मुलाच्या या तक्रारीमागे बहुतेक वेळा साधं कारण निघतं. चष्म्याची काच चरे पडून खराब झालेली असते. तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, नीट दिलेला नसतो. अंधारात नंबर किंचित वाढतो तो कुणी तपासलेला नसतो. मोबाइलपुढे डोळे कोरडे पडलेले असतात. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतो का, ते बघा. पुसत असेल तर निम्मं निदान मी इथूनच करते.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. मुलगा डोळे चोळतो का? आपल्याकडे पावसाआधीच्या धुळीने आणि नंतरच्या बुरशीने मुलांचे डोळे खाजतात आणि ती कचाकच चोळतात. या वयात चोळून चोळून कॉर्निया पातळ होऊन पुढे कोनासारखा येऊ शकतो. त्याला केरॅटोकोनस म्हणतात. सुरुवातीला तक्ता चांगला वाचता येतो, फक्त रात्रीचे दिवे फाटतात, चष्म्याचा तिरका नंबर सारखा बदलतो. अशा डोळ्यावर लेझर केलं तर कॉर्निया आणखी ढासळतो. म्हणून आधी कॉर्नियाची टोपोग्राफी करून घ्या. तो डोळ्याचा नकाशा असतो, काढताना दुखत नाही. ती स्वच्छ आली तर माझीही काळजी मिटेल.

मग क्रम असा ठेवा. आधी नवा चष्मा, बिनचऱ्याचा. मग डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास २ मेडिकल, ते विद्यार्थी परवान्यासाठी लागतंच. पण फ्लाइंग स्कूलची फी भरण्यापूर्वी क्लास १सुद्धा करून घ्या. व्यावसायिक परवाना त्यावर मिळतो, आणि लाखो रुपये भरल्यावर तिथे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. एवढं करूनही पुढे कधी त्याला लेझर करावंसं वाटलंच, तर सगळे कागद जपून ठेवा, ऑपरेशनपूर्वीच्या नंबरासह. लपवता येत नाही, टोपोग्राफीत ते लख्ख दिसतं.

प्रश्न : भाचा बारामतीला विमान शिकतोय. वाढदिवसाला त्याला भारी गॉगल द्यायचाय. दुकानदार म्हणतो पोलराइज्ड घ्या, ग्लेअर शंभर टक्के जाते. घेऊ का?
— एक मावशी, वेंगुर्ले

उत्तर : भाच्यासाठी नको. बोटीवर जाणारं कुणी घरात असेल तर त्याला जरूर द्या.

पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड मुख्यतः आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो आणि पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते. म्हणून होडीवाल्याला पाण्याखालचा खडक दिसायला लागतो आणि तो दुकानदाराला दुवा देतो. विमानात हीच गोष्ट आड येते. कॉकपिटमधले एलसीडी पडदे मान जरा कलती केली की काळे पडतात. थरांच्या जाड पुढच्या काचेतले ताण रंगीत पट्टे होऊन दिसतात. आणि दुसऱ्या विमानाच्या पत्र्यावरून येणारी चमक, जी बघून पायलट सावध होतो, तीही गाळली जाऊ शकते. दुकानदाराचं शंभर टक्केही खरं नाही. सूर्य थेट डोळ्यात येत असेल तर पोलराइज्ड काच इतर काळ्या काचेपेक्षा फार वेगळं काही करत नाही.

उन्हात आपोआप काळी होणारी काचही टाळा. ती अतिनील किरणांवर चालते, आणि विमानाची पुढची काच ते किरण बऱ्यापैकी अडवते, त्यामुळे नेमकी गरज असताना ती पुरेशी काळी होत नाही. साधा करडा रंग घ्या. रंग बदलत नाहीत, तांबडा-हिरवा दिवा ओळखायला गडबड होत नाही. नारिंगी-पिवळ्या काचा चित्रात छान दिसतात, तिथेच राहू द्या. काच फार काळीही नको, निदान १५ टक्के उजेड आत यायला हवा. काड्या बारीक असल्या तर हेडसेटखाली टोचत नाहीत. हे कुणी सांगत नाही आणि मग तो गॉगल खणात पडून राहतो. रे-बॅनचा ‘एव्हिएटर’ १९३७ सालापासूनचा आहे, पण म्हणून तोच हवा असं काही नाही. नाव कपाळावर आणि काच स्वस्तातली असलेले नमुने बाजारात भरपूर आहेत.

प्रश्न : उभी हयात समुद्रावर गेली, तांडेल आहे, वय ६४. शिबिरात सांगितलं, मोतीबिंदू आहे पण पिकला नाही, तक्ता ६/९ येतो, थांबा. सकाळी मासळी घेऊन सुवर्णदुर्गाच्या बाजूने आत शिरताना सूर्य समोर असतो, तेव्हा दुसऱ्या होड्या आणि जाळ्यांचे बोये दिसत नाहीत. मुलगा म्हणतो, पायलटचे डोळे उजेड पाडून तपासतात. तशी आमची तपासणी होते का?
— हर्णै

उत्तर : तांडेल, होते, आणि तुमची व्हायलाच हवी.

मोतीबिंदू पिकायची वाट बघण्याचे दिवस गेले. आता ऑपरेशन ठरतं ते माणसाच्या कामावरून. तक्त्यावर ६/९ आणि उजेड पाडल्यावर त्याच्या निम्मंही नाही, असं निघालं तर तुमचं काम अडतंय याचा तो लेखी पुरावा झाला. भिंगाच्या मागच्या थरातला मोतीबिंदू तर असाच वागतो. सावलीत ठीक, उन्हात बाहुली बारीक झाली की नेमका डागच आड येतो. दर्यावर्दी माणसांचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत चेसापीक खाडीतल्या ८३८ मच्छीमारांचा तो अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोळ्यांना अतिनील किरण जास्त लागले, त्यांच्यात भिंगाच्या कडेने सुरू होणारा मोतीबिंदू जास्त निघाला. टोपी आणि गॉगल वापरले की डोळ्यांना हे किरण कमी लागतात. तुमच्या खलाशांमधल्या तरुण पोरांना हे ऐकवा, तुम्हाला आता उशीर झाला.

डॉक्टरांकडे दोन गोष्टी मागा. एक, ‘उजेड पाडून नजर तपासा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा.’ दोन, बुबुळावर नाकाच्या बाजूने वेल चढली असेल तर तीही बघायला सांगा, तिच्यानेही दिवे फाटतात आणि समुद्रावरच्या माणसांत ती नेहमीची. ऑपरेशन ठरलं आणि लांबचं-जवळचं दोन्ही दिसेल अशी महागडी मल्टिफोकल लेन्स कुणी सुचवली, तर घाई करू नका. तिच्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. रात्री बंदराचे दिवे बघून होडी आत घेणाऱ्याला साधी, एकाच अंतराची लेन्स बरी, जवळचं वाचायला चष्मा लावा.

तपासणीला येताना मुलाला बरोबर आणा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तीन-चार तास उजेड सोसवत नाही. मोटरसायकल त्यालाच चालवू द्या.